बाओ-चिनची चार पानं

बेइगांगला माझू देवीच्या देवळामागून जी गल्ली तिळाच्या तेलाच्या घाण्यांकडे जाते, त्या गल्लीत गाओ जिन-शुईचं मोहोरा कोरायचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची पाच फुटांची जागा. पण बँकेत खातं उघडायचं असो, जमिनीचा कागद करायचा असो की लग्नाची नोंद, नावाची मोहोर हवी म्हणून सगळा गाव त्याच्याकडे यायचा आणि त्याला मास्तर म्हणायचा. दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला होता. ताप उतरला तो दोन्ही पाय घेऊनच. तेव्हापासून कमरेपासून खाली लोखंडी पट्ट्या, बगलेत कुबड्या, आणि पुढे कमवायला लागल्यावर मागे दोन चाकं जोडलेली स्कूटर. हात मात्र असे की तांदळाएवढ्या जागेत तीन अक्षरं उलटी कोरून द्यावीत.

तो सतरा वर्षांचा असताना शहरातून एक बातमीदार आला होता. त्याने जिन-शुईला जमिनीवर बसवून फोटो काढला आणि छापलं की हा पोरगा रोज दोन कोस सरपटत काम शिकायला जातो, आणि याची आई देवळाच्या पायरीवर हात पसरते. आई टोफू विकायची. पहाटे तीनला उठून सोयाबीन दळायची. तिने आयुष्यात कोणापुढे हात पसरला नव्हता. बातमी आल्यावर महिनाभर ती बाजारात गेली नाही. शेजारणीला पाठवायची आणि घरात बसून म्हणायची, "माझ्या तोंडावर कोणी काय थापलं ते मलाच माहीत नाही, मग तोंड दाखवू कशी?"

म्हणून गावातल्या अपंगांच्या संघटनेला वीस वर्षं झाली आणि सभासदांच्या गोष्टींचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा अध्यक्ष या नात्याने जिन-शुई आवेशाने बोलला होता.

"आपल्याबद्दल दुसऱ्यांनी आजवर पुष्कळ लिहिलं. कोणी आपल्याला देव केलं, कोणी भिकारी केलं. आता आपण काय भोगलं, काय मिळवलं, ते आपणच सांगायचं. आपल्या शब्दांत."

टाळ्या पडल्या. पुस्तकाचं नाव 'आमच्या तोंडून' असं तिथल्या तिथे ठरलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं कोण लिहिणार, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी मास्तरांकडे बोट दाखवलं, आणि मास्तरांनी नको नको म्हणत म्हणत ते काम घेतलं. खरं सांगायचं तर त्यांना ते हवंच होतं.

चौदा माणसं होती. साखर कारखान्यात उजवा हात गेलेला ल्यू, ज्याने डाव्या हाताने घर रंगवायचा धंदा उभा केला. डंपलिंगचं दुकान चालवणारं मूकबधिर जोडपं. त्यांनी आपलं आपण लिहून आणलं, कागदाला पिठाचे डाग. आंधळे होंगदादा मालिश करायचे. ते म्हणाले, "शुई, लिही. या गावच्या तीन नगराध्यक्षांच्या पाठी माझ्या हाताखालून गेल्यात. तिघांचाही कणा वाकडा." हे छापायचं का यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी छापलं.

सगळ्यात शेवटी त्साई बाओ-चिन आली.

बाओ-चिन देवळाच्या पूर्वेच्या दारापाशी विजेच्या खुर्चीत बसून खरवडायची लॉटरीची तिकिटं विकायची. जन्माच्या वेळी नाळ गळ्याभोवती गुंडाळलेली होती, तेव्हापासून तिचं अंग तिचं ऐकत नसे. हात एकीकडे न्यायला जावा तर दुसरीकडे जाई, मान मागे ओढली जाई, आणि बोलणं म्हणजे तर घशातून एकेक शब्द ओढून काढावा लागे. तो बाहेर येईपर्यंत त्याचा आकार बदललेला असायचा. गिऱ्हाइकांना तिकीट हवं असायचं, बोलणं नको असायचं, त्यामुळे तिचं भागत होतं. जिन-शुई तिला वीस वर्षं ओळखत होता. सभेत भेटायची, तो म्हणायचा, "काय बाओ-चिन, जेवलीस का?" ती मान हलवायची. वीस वर्षांत दोघांचं बोलणं झालं ते एवढंच.

ती सलग तीन दुपारी दुकानात आली. पहिल्या दिवशी तिने खुर्ची दारात आडवी लावली आणि सांगायला सुरुवात केली. जिन-शुईने वही उघडली. पहिलं वाक्य त्याला कळलं नाही.

"काय म्हणालीस?"

तिने पुन्हा सांगितलं. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, ओठाच्या कडेला लाळ आली. त्याला त्यातला 'भाऊ' एवढाच शब्द लागला.

"पुन्हा एकदा सांग गं."

तिने तिसऱ्यांदा सांगितलं. तेवढ्यात मोहोर न्यायला एक बाई आली आणि कोपऱ्यात उभी राहून दोघांकडे पाहायला लागली. जिन-शुईला घाम फुटला. अपंगांच्या संघटनेचा अध्यक्ष, आणि त्याला अपंग बाईचं बोलणं कळत नाही! चौथ्यांदा विचारायचं त्याच्या जिवावर आलं.

"हां हां," तो म्हणाला. "समजलं."

एकदा तो शब्द तोंडातून गेला आणि मग सोपंच झालं. ती बोलायची, तो मान डोलवायचा. मधेमधे 'तैनान' ऐकू यायचं, 'मूल' ऐकू यायचं, 'दिलं', 'रडले', 'दूध'. तेवढे शब्द तो वहीत टिपून ठेवायचा. ती थांबून डोळे बारीक करून विचारायची, "स-म-ज-लं?" हा शब्द तिने इतक्यांदा विचारला की तो मात्र त्याला स्वच्छ कळायला लागला. तो म्हणायचा, "समजलं, समजलं. तू सांग."

तिसऱ्या दिवशी जाताना तिने एक वाक्य तीनदा म्हटलं. त्याने तिन्ही वेळा मान हलवली.

घरी बसून त्याने टिपलेले शब्द समोर मांडले. बाओ-चिनला एक मुलगी आहे हे त्याला माहीत होतं. तायचुंगला बस चालवते, सणाला येते. नवरा समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरून आलेला म्हातारा सैनिक होता, तो वारला. आणि समोर शब्द होते: भाऊ, तैनान, मूल, दिलं, रडले. त्याने त्यांना दोरा ओवला. दोन रात्री जागून चार सुंदर पानं लिहिली. आपण एका लुळ्या बाईचं मन किती खोलवर जाणलं, असं वाटून त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले.

संघटनेचं कार्यालय सांभाळणाऱ्या फानबाईंनी छापखान्यात द्यायच्या आधी विचारलं, "मास्तर, बाओ-चिनला वाचून दाखवलंत ना?"

"कशाला?" तो म्हणाला. "शब्द न् शब्द तिचाच आहे."

हे वाक्य पुढे त्याला झोपू देणार नव्हतं. पण त्या दिवशी ते सहज निघालं, चहा मागावा तसं.

प्रकाशन बाजाराच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात झालं. शेंगदाण्याच्या वड्यांची ताटं होती, नगराध्यक्ष आले होते, दोन शाळांचे शिक्षक होते. ज्यांना बोलता येत होतं त्यांनी आपापलं पान वाचलं. होंगदादांच्या कण्याच्या वाक्यावर नगराध्यक्षही हसले, जरा ताठ बसून. बाओ-चिनचं वाचायला जिन-शुई कुबड्या टेकत माईकपाशी गेला. ती पहिल्या रांगेत होती, नवा जांभळा स्वेटर घालून. शेजारी तिची मुलगी यी-रु, बसकंपनीच्या निळ्या सदऱ्यात. पहाटेची फेरी संपवून तशीच आली होती.

त्याने वाचलं. गोष्ट 'मी' म्हणून लिहिली होती, म्हणून तोही 'मी' म्हणूनच वाचत गेला.

"माझी मुलगी चाळीस दिवसांची झाली तेव्हा मी आरशात पाहिलं. हे हात तिला धरू शकणार नाहीत हे मी ओळखलं. काळजावर दगड ठेवून मी भावाला म्हटलं, हिला तैनानला चांगल्या घरी दे. मी रडले, पण माझी मर्यादा मी जाणली. आईने मुलासाठी करायचा सर्वांत मोठा त्याग मी केला. ती मोठी झाल्यावर आपणहून मला शोधत आली, हेच माझ्या आयुष्याचं यश..."

बायका डोळे पुसत होत्या. तो थांबला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत एक वेगळा आवाज होता. बाओ-चिन ओरडत होती. तिचं सगळं अंग ताणलं गेलं होतं, एक चप्पल उडून पडली होती. नगराध्यक्ष लगबगीने उठले, त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि मांडीवर फुलांचा गुच्छ ठेवला. तो तिच्या हाताच्या झटक्याने खाली पडला.

ती एकच शब्द ओरडत होती. आणि जिन-शुईला तो शब्द या वेळी कळला. अगदी स्वच्छ कळला.

"खोटं! खोटं!"

त्याच्या समोर माईक होता. सभागृह त्याच्याकडे पाहत होतं. आणि गाओ जिन-शुई, ज्याच्या आईने परक्याच्या लेखणीपायी महिनाभर तोंड लपवलं होतं, तो माईकमध्ये म्हणाला, "ताईंना भरून आलंय."

पुन्हा टाळ्या.

यी-रु उठली. तिने वाकून आईची चप्पल उचलली, आईच्या पायात घातली आणि मग वळून मोठ्याने म्हणाली, बसमध्ये मागच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात, "माझी आई म्हणतेय, हे खोटं आहे. तिने मला कोणाला दिलं नाही. काका, तिने तुम्हाला हे सांगितलं?"

जिन-शुईने हातातल्या पानांकडे पाहिलं.

"मी विचारतेय, तिने असं सांगितलं का?"

"मला... तसं वाटलं," तो म्हणाला.

मागच्या रांगेतून होंगदादांचा आवाज आला. "शुई, कळत नव्हतं तर विचारायचंस रे. तिचं बोलणं पहिली दहा मिनिटं कोणालाच कळत नाही. मग कान बसतो. मला गेली पंधरा वर्षं कळतंय."

कोणी हसलं नाही. आई आणि मुलगी निघून गेल्या. खुर्चीच्या मोटारीचा बारीक घूं घूं आवाज उतारावरून खाली जाईपर्यंत सगळ्या सभागृहाला ऐकू येत होता.

नंतरचे दिवस जिन-शुईने दुकानाचं दार अर्धं ओढून काढले. घरातून दुकानात यायचा सरळ रस्ता देवळाच्या पूर्वेच्या दारावरून होता. तो नदीच्या बांधावरून वळसा घालून यायला लागला. जेवायला बसला की घास फिरत राही. चाळीस वर्षं सोबत असलेली बायको शू-हुआ, तिने पहिले तीन दिवस काही म्हटलं नाही. चौथ्या दिवशी पेजेचं वाडगं त्याच्यापुढे आदळलं.

"ताप आला तेव्हा पाय गेले तुमचे. कान कधी गेले?"

"बोलू नकोस."

"का बोलू नको? एखादा दोन पैशांची मोहोर करायला आला तर तुम्ही त्याला नाव तीनदा विचारता. कागदावर लिहून दाखवता. म्हणता, एकदा कोरलं की पुसता येत नाही. आणि त्या बाईचं अख्खं आयुष्य न विचारता कोरलंत?"

"लाज वाटली मला विचारायची."

"आता वाटते ती कमी आहे का?"

 त्याने फानबाईंना फोन लावला आणि म्हणाला की बाओ-चिनची पानं सगळ्या प्रतींतून फाडून टाकू या. फानबाई म्हणाल्या, "पहिल्या पानाच्या पाठीमागे डंपलिंगवाल्यांची गोष्ट संपते आणि शेवटच्या पानाच्या पाठीमागे ल्यूची सुरू होते. कोणाकोणाला फाडता?" शिवाय तीनशेतल्या एकशेचाळीस प्रती शाळांना आणि वाचनालयांना रवाना झाल्या होत्या.

आठव्या दिवशी तो पूर्वेच्या दारापाशी गेला. नवस फेडायला आलेल्यांची गर्दी होती, फटाक्यांचा लाल कागद घोट्यापर्यंत साचला होता. त्याने स्कूटर तिच्या खुर्चीसमोर लावली आणि उतरला नाही, कारण उतरून उभं राहायला जो वेळ लागतो तेवढा वेळ तिच्या नजरेखाली काढायचा त्याला धीर नव्हता.

"बाओ-चिन, माझं चुकलं. मला तुझं बोलणं कळलं नव्हतं. मी कळल्यासारखं केलं."

ती काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही. त्याचे कान तापले, पण तो म्हणाला, "कळलं नाही."

ती पुन्हा म्हणाली.

"'माहीत होतं'? असं म्हणालीस?"

तिने मान हलवली. तिला माहीत होतं. त्या तीन दुपारी मधेच तिला संशय आला होता, म्हणूनच ती सारखी विचारत होती. आणि तिसऱ्या दिवशी जाताना तीनदा म्हटलेलं ते वाक्य होतं, "छापायच्या आधी मला वाचून दाखव." हे एवढं कळायला त्याला त्या दिवशी पाऊण तास लागला. कळलं तेव्हा त्याला स्कूटरवरून जमिनीत शिरावंसं वाटलं. तीनदा मान हलवून त्याने तिला होकार दिला होता.

"दुकानात येशील?" त्याने विचारलं. "मी पुन्हा पहिल्यापासून लिहितो. दार लावून घेऊ, कोणी त्रास देणार नाही."

"नाही." हे स्पष्ट होतं. मग ओढत ओढत, "इथेच. लोकांसमोर."

आणि तिने अट घातली. ती एक वाक्य बोलणार, ते त्याने मोठ्याने म्हणून दाखवायचं. बरोबर असेल तर वहीत लिहायचं. चूक असेल तर ती खुर्चीच्या दांड्यावर हात आपटणार.

सहा दुपारी हे चाललं. पहिल्या दिवशी दांड्याचा आवाज इतक्यांदा झाला की शेजारची उदबत्तीवाली म्हणाली, "मास्तर, देवळातला ढोल बंद ठेवला तरी चालेल." तिकिटं घ्यायला येणारे थांबून बघायचे. जिन-शुई गावभर मान असलेला माणूस, पहिलीतल्या पोरासारखा एकेक वाक्य चुकत होता, पुन्हा म्हणत होता. दुसऱ्या दिवशी होंगदादा काठी टेकत आले आणि शेजारी बाकावर बसले. त्यांनी मदत केली नाही. "मी आपला ऐकायला आलोय," ते म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून जिन-शुईचा कान बसायला लागला. बाओ-चिन काही अक्षरं गिळायची, काही ओढायची, पण जी गिळायची तीच नेहमी गिळायची. त्याला एक नियम होता, कोणत्याही हस्ताक्षराला असतो तसा.

जी गोष्ट त्याने त्या दारापाशी मोठ्याने म्हणून लिहून घेतली, ती अशी होती.

बाओ-चिनला भावाने एकविसाव्या वर्षी म्हाताऱ्या सैनिकाला देऊन टाकलं, घरातली अडचण गेली म्हणून. पण तो माणूस बरा निघाला. तिला बोलायला तो कितीही वेळ द्यायचा, कारण त्याची स्वतःची बोलीही गावात कोणाला कळत नसे. मुलगी झाली तेव्हा तो डोंगरात धरणाच्या कामावर होता. मूल चाळीस दिवसांचं असताना भाऊ आला, लस टोचून आणतो म्हणाला, आणि मूल घेऊन गेला तो रिकाम्या हाताने परतला. तैनानला त्याच्या बायकोच्या नात्यात एक शिंपी होता, त्याला मूल नव्हतं. भाऊ म्हणाला, "तुझ्या हातात ती मरेल. उपकार मान."

त्या वेळी बाओ-चिन चालत असे, भिंत धरून, झोकांड्या खात. आयुष्यात ती एकटी गल्लीच्या पुढे गेली नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. भावाच्या घरी जाऊन वहिनीच्या खणातून तिने शिंप्याच्या पत्राचं पाकीट काढलं, ते सदऱ्याच्या आत टाचणीने लावलं आणि निघाली. वाटेतल्या जिआयी शहरापर्यंतच्या बसमधून वाहकाने तिला दारुडी समजून मधेच उतरवलं. ती उसाच्या शेतांमधून चालली. एका ठिकाणी लोकांनी तिच्या पुढ्यात नाणी टाकली. ती तिने उचलली आणि त्यांतूनच पुढचं तिकीट काढलं. रात्र तिने जिआयीच्या स्टेशनावर काढली. दुसऱ्या दिवशी तैनानमध्ये तिने जो भेटेल त्याच्यापुढे पाकीट धरलं. काहींनी हात झटकला, काहींनी बोट दाखवलं.

शिंप्याच्या दारात उभी राहून ती बोलली. खूप वेळ बोलली. शिंपी आणि त्याची बायको एकमेकांकडे बघत राहिले, त्यांना एक अक्षर कळलं नाही. शिंप्याने दार लावायला हात घातला. तेवढ्यात आत मूल रडलं. आणि बाओ-चिनचा सदरा पुढून भिजला. दोन दिवसांचं दूध होतं.

हे वाक्य तिने सांगितलं तेव्हा जिन-शुई थांबला. समोर दहा-बारा माणसं उभी होती. बाओ-चिन वाट पाहत होती.

"माझा सदरा दुधाने भिजला," तो मोठ्याने म्हणाला. 

शिंप्याच्या बायकोने त्या सदऱ्याकडे पाहिलं. मग ती एक शब्द न बोलता आत गेली, मूल घेऊन आली, दुकानातल्याच कापडाचा लांब पट्टा फाडला आणि मूल बाओ-चिनच्या पाठीला बांधून दिलं. दोन गाठी मारल्या, हलवून पाहिल्या, आणि आणखी एक मारली. परतीच्या वाटेवर प्रत्येक जिन्यावर, बसच्या प्रत्येक पायरीवर बाओ-चिन खाली बसली आणि बसूनच उतरली, पडून पाठीवरची चेंगरू नये म्हणून. तिसऱ्या संध्याकाळी ती घरी पोहोचली. भावाशी ती त्यानंतर बोलली नाही. तो वारला तेव्हाही गेली नाही.

लिहून झालं. जिन-शुईने सगळं तिला पहिल्यापासून वाचून दाखवलं. हात एकदाही आपटला गेला नाही.

"मला माफ करशील?" त्याने विचारलं.

 ती म्हणाली, आणि त्याला पहिल्या झटक्यात कळलं, "आधी ती पुस्तकं आण."

नवी चार पानं छापून आली ती जुन्या पानांवर चिकटवायची होती. कार्यालयातल्या प्रती दोन दिवसांत झाल्या. गेलेल्या एकशेचाळीस प्रतींची यादी फानबाईंकडून घेऊन जिन-शुई डिंकाची बाटली आणि पानांचा गठ्ठा स्कूटरला बांधून फिरायला लागला. वाचनालयात काम सोपं असे. शाळांत नसे. हुवेईच्या एका शाळेत शिक्षिका आनंदाने म्हणाल्या, "मास्तर, आमच्या मुलांना ती आईची गोष्ट सगळ्यांत आवडली! तिच्या त्यागावर सगळ्या वर्गाने निबंध लिहिलेत." भिंतीवर ते निबंध लावले होते. आरशात पाहणारी आई, काळजावरचा दगड, तीसेक वेळा, पोरांच्या अक्षरात.

त्याला चिकटवून गुपचूप निघून येता आलं असतं. तो म्हणाला, "बाई, मला वर्गापुढे दोन मिनिटं द्याल?"

वर्गापुढे कुबड्यांवर उभा राहून तो म्हणाला, "त्या बाईने मुलगी दिली नव्हती. ते मी रचलं. तिचं बोलणं मला कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली, म्हणून मी माझ्या मनाने लिहिलं. ती ओरडून सांगत होती तेव्हाही मी ऐकलं नाही."

एका मुलीने हात वर केला. "आजोबा, मग तुम्ही असं का केलं? तुम्ही पण अपंग आहात ना?"

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच जास्त वाईट."

असं त्याने अकरा शाळांत सांगितलं. अकराव्या वेळीही पहिल्या वेळेसारखेच कान तापले. त्याला वाटलं होतं, सांगत गेलं की हलकं होत जातं. तसं काही झालं नाही.

वसंतात, थडगी झाडायच्या सणाला यी-रु बापाच्या थडग्यावर आली होती. जिन-शुई तिच्याकडे नवी पानं घेऊन गेला. ती घराच्या दाराबाहेर आईच्या खुर्चीच्या चाकांना तेल घालत होती. तिने हात पुसले, उभ्या उभ्याच चारही पानं वाचली. शेवटी म्हणाली, "हे बरोबर आहे."

"पोरी, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हा दोघींना..."

"काका, लोकांचं मला काही नाही," ती म्हणाली. तिने आत पाहिलं, आई झोपलेली होती, तरी तिने आवाज उतरवला. "मामाच्या घरचे लहानपणी मला सांगायचे, तुझ्या आईने तुला टाकलं होतं, नंतर मन बदललं. आई म्हणायची, खोटं. मी आईवर विश्वास ठेवला. त्या दिवशी तुम्ही 'हिला चांगल्या घरी दे' असं वाचलंत ना, तेव्हा मला वाटलं, शेवटी आईने कबूल केलं. अर्धं मिनिट असेल. मी वळून तिच्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मला माहीत आहे. आणि तिने ते पाहिलं."



"ती ओरडली ती त्यानंतर," यी-रु म्हणाली. "लोकांसाठी नाही ओरडली. माझ्याकडे बघून ओरडली."

तिने पानं घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पुन्हा चाकापाशी बसली.  जिन-शुईसाठी तिथे काही काम नव्हतं. तो स्कूटरपर्यंत गेला, कुबड्या बांधल्या, निघाला.

नदीच्या बांधावरून तो पुन्हा वळसा घालून गेला नाही. रोज पूर्वेच्या दारापाशी थांबतो, बाओ-चिनशी बोलतो, आणि ती त्याच्याशी बोलते, तिकिटांबद्दल, गुडघ्यांबद्दल, नव्या नगराध्यक्षाबद्दल. माफीचं तिने काढलं नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही. एकशेचाळीसपैकी एकशेएकवीस प्रती सापडल्या. उरलेल्या एकोणीस कोणाच्या घरी आहेत हे कोणालाच ठाऊक नाही. दौलिऊच्या वाचनालयातली एक प्रत कोणीतरी नेली आहे ती परत आलेलीच नाही. जिन-शुई दर महिन्याला चौकशी करायला जातो. तिथल्या बाई आता त्याला पाहिल्या पाहिल्याच मान हलवून नाही म्हणतात.